पूजेच्या ताटातला मध

पंचामृतासाठी मधाची बाटली उघडली की मला अजून अमेरिकेतल्या श्रूजबरीतलं ते बेसमेंट आठवतं. हरितालिकेची पूजा चालली होती, आम्ही पंधरा-वीस बायका जमलो होतो. नव्या नोकरीपायी मी गावातलं व्हॉलंटियर फायर स्टेशन नुकतंच सोडलं होतं. तिथे अँब्युलन्सवर जाण्यासाठी मिळवलेलं ईएमटीचं, म्हणजे तातडीच्या उपचारांचं, सर्टिफिकेट रिन्यू करायला बसले, तेव्हा नवरा म्हणाला होता, "आता कोणासाठी?" आरतीआधी एक काकू घामाने भिजून भिंतीला टेकल्या. हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. कोणी म्हणालं गुदमरलं असेल, कोणी पदराने वारा घालू लागलं. स्टेशनवर आम्हाला घोकवलं होतं, आधी विचारा. "काकू, सकाळी इन्शुलिन घेतलंत?" "घेतलं ना, औषध कसं चुकवणार?" "आणि खाल्लं काय?" त्यांनी माझ्याकडे खुळी आहे का ही, असं पाहिलं. "निर्जळी उपवास आहे गं माझा." साखर पार उतरली होती. एकीला नाइन-वन-वन लावायला सांगून मी ताटातली मधाची वाटी उचलली. त्या शुद्धीत होत्या, गिळू शकत होत्या, पण ओठ घट्ट मिटून बसल्या. "पाप लागलं तर माझ्या माथी, तोंड उघडा!" मी असं दरडावलं की त्यांनी उघडलंच. अँब्युलन्स आली तेव्हा काकू मला चांगल्या खणखणीत आवाजात रागावत होत्या, आणि मला हायसं वाटत होतं. सर्टिफिकेट मी अजून वेळच्या वेळी रिन्यू करते. कोणासाठी, ते नवरा आता विचारत नाही. आज हरितालिका. सकाळीच काकूंचा फोन आला, "खिचडी समोर ठेवूनच इन्शुलिन घेतलंय. तुझ्या माथी काही नाही."