मोंढ्यातली कन्या शाळा

मोठ्या बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हदगावला पुतण्याच्या सोयरिकीच्या बैठकीत बसलो होतो. फोन त्यांच्या भाचीचा, विजयाचा, नांदेडच्या दवाखान्यातून. "काका, आत्या गेली. तुम्हाला आधी कळवा म्हणून सांगून ठेवलं होतं तिनं." मी ओसरीवर जाऊन ऐकलं, परत येऊन बसलो आणि मानपानाचं बोलणं पुढं चालू ठेवलं. बाई माझ्या कोण, हे त्या बैठकीत सांगता आलं नसतं. मी त्यांच्या हाताखाली शिकलो नव्हतो. त्या आमच्या गावच्या नगरपालिकेच्या कन्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मी काही वर्षं त्याच नगरपालिकेचा शिक्षण सभापती, एवढंच नातं.

सभापती हा शब्द ऐकायला मोठा. पाणीपुरवठा आणि बांधकाम वजनदार मंडळींनी घेतलं, उरलं ते शिक्षण माझ्यासारख्या नव्या पोराला दिलं. मोंढ्यात आमची आडत, त्यामुळं धान्याचे भाव कळायचे. शाळेतलं काही कळत नव्हतं. पहिल्या भेटीत बाईंनी मला पहिलीच्या बाकड्यावर बसवलं. गुडघे हनुवटीला टेकलेले, समोर मुली तोंडावर हात ठेवून हसताहेत. "सवय करा सभापती," बाई म्हणाल्या, "खुर्ची तुमच्या कमिटीनं अजून दिली न्हाई आम्हाला." बोलणं असं तिखट, हातही हलका नव्हता. त्यांची छडी आठवणाऱ्या बायका गावात अजून आहेत.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. आमच्या तालुक्याच्या गावालाही एक सरकारी कार्यालय मिळणार होतं, फक्त इमारत नगरपालिकेनं द्यायची. भर गावातली, पक्की, आवारात विहीर असलेली इमारत एकच, कन्या शाळेची. सभेत सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. नव्या जिल्ह्याच्या आनंदात नाही कोण म्हणणार? मुलींनी कुठं बसायचं, याचा तोडगा तर मीच काढला. पावसानं पाठ फिरवली होती, मोंढ्यात माल येत नव्हता, लिलावाचं मोठं शेड ओस पडलं होतं. तिथं शाळा भरवू म्हणालो आणि लोकांनी टेबलं वाजवली. बाई शेड बघायला आल्या, वर पत्र्याकडं बघत म्हणाल्या, "आन् पाऊस पडल्यावर?"

"पडू तर द्या, बाई," मी हसून म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

दुष्काळ हटेपर्यंत शाळा तिथं भरली. गोणपाटाचे पडदे बांधून वर्ग केले. हाताला काम नसलेले हमाल खांबांना टेकून पाढे ऐकत बसायचे. मोंढ्यात पोती मोजताना पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बघता बघता पहिलीच्या मुलीही लाभ, दोन, तीन मोजायला लागल्या. बाईंनी शिरप्पा हमालाला बोलावून झापलं, "तुमचं मोजणं तुमच्या पोत्यापाशी ठेवा." तो म्हणाला, "बाई, लाभ म्हनलं की बरकत येती. पोरींच्यात बी येऊ द्या की!" बाईंनी पदर तोंडाला लावला. मग कधीमधी हजेरीचं पहिलं नाव त्यांच्याही तोंडून 'लाभ' म्हणूनच निघायचं... आणि शेडभर हसू.

मग पाऊस आला. चांगला आला. मुगाची, उडदाची पोती गाड्यांतून उतरायला लागली आणि आमचे वडील, अप्पा, दुकानातून ओरडले, "आरं सभापती, माल भिजायलाय! हटीव की तुझी शाळा!" वरच्या वर्गांतल्या मुलींना गावाबाहेरच्या मुलांच्या शाळेत बसवायचं ठरायला लागलं. आईबाप तिथं पाठवणार नाहीत हे बाईंना माहीत होतं. त्या दुकानात आल्या. ज्वारीच्या पोत्यावरही टेकल्या नाहीत. "इमारत परत मागायचा विषय सभेत आणा. नाहीतर ह्या मुली घरी बसतील. आन् घरी बसलेल्या मुलीचं पुढं काय होतं, ते तुम्हाला ठावं हाय." मी हो म्हणालो.

विषय मी आणला. पण आमच्याकडं ठरावाला सूचक लागायचा तसा अनुमोदकही लागायचा. तो नसला तर चर्चा होत नाही, ठराव जागीच गळतो. म्हणून सभेच्या आधी दोन-चार घरी जायचं, चहा घ्यायचा आणि माणूस बांधून ठेवायचा. हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतं. मी कुणाच्याही घरी गेलो नाही. सभेतलेच एक सभासद, देशमुख वकील, यांची मुलगी त्याच शाळेत होती. म्हणालो असतो तर ते उठले असते. पण मग ठराव उभा राहिला असता, कदाचित मंजूरही झाला असता, आणि कार्यालय गेल्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं. सभेत मी उठून ठराव वाचला. अध्यक्ष म्हणाले, "अनुमोदन?" वकील माझ्याकडं बघत होते. मी कागदाकडं बघत राहिलो. "अनुमोदन नाही. पुढचा विषय घ्या." मी बसलो आणि मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला बाईंच्या जाण्याची वाट बघावी लागली.

त्या मागच्या बाकावर होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "एकटे उठलात. विसरणार न्हाई." विसरल्या नाहीतच. कुठल्याही कार्यक्रमात मला पुढं करायच्या, "हे आमचे सभापती, एकटे उठले होते." मी मान खाली घालायचो. लोक त्याला विनय समजायचे.

वरच्या वर्गांतल्या पुष्कळ मुली घरी बसल्या. ज्यांच्या आईबापांना बाईंचं घर चाललं, त्यांना बाई शाळा सुटल्यावर आपल्या पुढच्या खोलीत शिकवत राहिल्या, निवृत्तीनंतरही.

परवा त्या घरी गेलो. विजया सामान आवरत होती. पुढच्या खोलीच्या भिंतीवर, खाली बसलेल्या पोरीचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, तेलकट डाग होते, एकाशेजारी एक. "आत्यानं ह्या भिंतीला कधी रंगच लावू दिला न्हाई," विजया म्हणाली. "आता घर भाड्यानं द्यायचं तर रंगवावं लागंल... ह्या पोरींसाठीच तुम्ही एकटे उठला होता ना काका?"

"उठलो होतो," मी म्हणालो. "पण माझ्यासोबत उठा असं कुणाला म्हणालो नव्हतो. मुद्दाम."

हातातलं भांडं तिनं तसंच धरून ठेवलं. "आत्याला माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

विजया भांडं घेऊन आत गेली. मी भिंतीपाशी उभा राहिलो. डाग खिडकीपासून सुरू होऊन देवळीपर्यंत येत होते. तिथून दारापर्यंतची भिंत कोरी होती.