किटलीतला घोट

आमच्या तालुक्याच्या दूध केंद्रात मी दूध तपासते. काम सोपं. नळीत दूध घ्यायचं, त्यात मिथिलिन ब्लू नावाचा निळा रंग घालायचा आणि नळी कोमट पाण्यात ठेवून वाट बघायची. दुधात जंतू कमी असले तर निळा तासन्‌तास टिकतो. जंतू माजले असले की बघता बघता दूध पांढरंफटक.

आणि पांढरं व्हावं कुणाचं? माझ्या सासूबाईंचं! तेही दोनदा. केंद्राचे साहेब म्हणाले, "अजून एकदा असं झालं तर हे दूध बंद." मेहकर गावभर बोभाटा झाला, सुनेनंच सासूचं दूध परत पाठवलं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, बोलणंच टाकलं. ज्या बाईनं शेणामुतात राबून मला लग्नानंतर एमएस्सी करू दिलं, तिचा अबोला! 

शेवटी रविवारी नळ्या घरीच आणल्या. एकीत म्हशीच्या सडातली थेट धार, दुसरीत किटलीत ओतलेलं दूध. दोन्हींत निळं घातलं आणि कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवल्या.

"कामून खेळ मांडायलीस? मी काय पाणी घालायले व्हय दुधात?"

चला, तोंड तर उघडलं! "पाणी न्हाई हो आत्याबाई, बसा तर खरं."

बसल्या, शेंगा फोडत. सूपभर शेंगा फोडून व्हायच्या आत किटलीची नळी पांढरी. धारेची मात्र निळीशार.

"म्हंजे म्हैस चांगली हाय की माझी!"

"म्हैस चांगलीच हाय. किटली कशी धुता?"

मग कळलं. किटली बाहेरून राखेनं चकचकीत, आत मात्र कालचं घोटभर दूध तसंच. दुधाचं भांडं रितं केलं की बरकत जाते, ही या घरची रीत. ताजं दूध त्यावरच ओतायचं. म्हणजे मी केंद्रात जे जंतू शोधत होते, ते आत्याबाई घरी जपून वाढवत होत्या! मला हसू आवरेना. त्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी.

"माझं म्हातारं गेलं त्या दिवशीबी म्या किटली रिती केली न्हाई गं."

मी हसू आवरून दोन्ही नळ्या पुन्हा त्यांच्यापुढं धरल्या.

दुपारी त्यांनीच किटली कढत पाण्यानं घासली आणि उन्हात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी केंद्रात त्यांच्या दुधातला निळा हलेचना. साहेबांनी नळी उजेडात धरून बघितली आणि मान डोलावली. मी धावतच घरी येऊन सांगितलं.

आत्याबाईंनी चुलीवरून वाटी उतरवली आणि माझ्या हातात दिली. केंद्रातून परत आलेल्या किटलीच्या तळाचा, आजच्याच दुधाचा घोट होता.

"घे, उकळून दिलंय. किटलीत राहू देईनास, तर तुझ्यात तरी राहू दे की बरकत."

मी उभ्यानंच प्यायले. साखर घातली होती त्यात.