काकूंचा ग्रीन टी

"ताई, आत्या गेल्या," एवढंच सुनीता फोनवर म्हणाली. मी ऑफिसात होते. मारुंजीतल्या आमच्या घरमालकीण शेवंताकाकू दुपारी जेवून ओसरीवर लवंडल्या, त्या उठल्याच नाहीत... सुनीता त्यांची सून. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी पोटभर रडले. पण तेराव्याला कुणीतरी बाई सहज बोलून गेली, की काकूंच्या अंगात रक्तच नव्हतं हो, आणि मी भरल्या ताटावरून उठले. कारण जेवणानंतरच्या लोहाच्या गोळीवर ग्रीन टी प्यायची सवय त्यांना मीच लावली होती. खोलीत येऊन मोबाइलवर शोधलं. चहाबरोबर घेतलेली लोहाची गोळी अंगाला नीट लागत नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं.

मी मूळची लातूरची. सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी आले आणि काकूंच्या वरच्या खोलीत राहिले. मला लोकांना सुधारायची खोड आहे. आई म्हणते, हिला देवळात नेलं तर ही देवालाही पथ्य सांगेल. काकूंचा चहा म्हणजे निम्मं दूध आणि मूठभर साखर. मी त्यांच्या मागेच लागले. ग्रीन टीनं वजन आटोक्यात राहतं, कातडी तुकतुकीत होते, सुरकुत्या उशिरा पडतात, गालावरचे वांगसुद्धा जातात. वांगांचं मी पदरचं घातलं होतं. काकू सत्तरीच्या, उभा जन्म भातखाचरात उन्हानं रापलेल्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तू रोज पितीयास न्हवं? मग तुज्या तोंडावर ह्या पुटकुळ्या कशाच्या?"

पहिल्या डब्यातल्या पुड्या त्यांनी फाडून दूध, साखर, आलं घालून उकळल्या. मी कपाळावर हात मारला. मग दर रविवारी जेवणं झाली की मी समोर बसायची. त्या गोळी तोंडात टाकायच्या आणि डोळे मिटून हिरवं पाणी घोटघोट प्यायच्या. वंगाळ हाय म्हणायच्या, पण प्यायच्या. मी खूश होऊन दर महिन्याला नवा डबा आणायची.

त्या गेल्यावर मी खाली जाणंच टाळलं. सुनीता जेवायला बोलवायची, मी कामाचं निमित्त सांगायची. नेऱ्याला दुसरी खोलीही बघून आले. मनात एकच... म्हातारीचं रक्त मी आटवलं. गेल्या रविवारी मात्र राहवेना. सुनीता ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे बसले आणि सगळं ओकून टाकलं.

ती उठली. आत जाऊन दवाखान्याची फाईल घेऊन आली. जाण्याच्या पंधरा दिवस आधीचा रिपोर्ट होता. रक्त चांगलं वाढलेलं, डॉक्टरीणबाई खूश झाल्या होत्या म्हणे. गोळीवर चहा घ्यायचा नाही, हे त्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून रविवारी काकू खरी गोळी तिन्हीसांजेला घ्यायच्या. माझ्यासमोर तोंडात टाकायच्या ती लिमलेटची. एरवी त्या ग्रीन टीला तोंडही लावत नसत. पुड्या भिजवून गार करायच्या आणि शेतातून आल्या की डोळ्यांवर ठेवून पडायच्या. उरलेल्या पाण्यानं तोंड धुवायच्या. वांग काही गेले नाहीत, पण डोळ्यांची आग थांबते, असं सगळ्या आळीला सांगायच्या.

मला हसू आलं आणि रडूही. मग मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

सुनीतानं सूप बाजूला ठेवलं. "मी म्हनलं हुतं, सांगा त्यांला. तर आत्या म्हनल्या, पोरगी घरदार सोडून आलीया. तिला कुनाला तरी जपायचं हाय. जपू दे."

सात वर्षं मला वाटत होतं, मी काकूंना सांभाळतेय. सुनीता उठली, एका वाटीत दोन पुड्या भिजवून घेऊन आली आणि पडा म्हणाली. काकू पडायच्या तिथंच मी आडवी झाले. डोळ्यांवर गार लागलं... आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.