तळहाताकडे येणारी पटाशी

शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात मी पहिल्या दिवसापासून एकच सांगत आलो आहे, की लाकूड शिकंज्यात आवळा आणि पटाशीच्या धारेसमोर हात आणू नका. काल खोलीच्या दुसऱ्या टोकाला नववीतली सायली लाकडाचा तुकडा डाव्या हातात धरून पटाशी तळहाताच्याच दिशेने रेटत होती. हाक मारली असती, तर ती दचकली असती आणि धार निसटली असती. म्हणून मी श्वास रोखून, बाकांमधून हळूहळू चालत गेलो. ती दहा-बारा पावलं संपता संपेनात. आपण द्यायचे ते फक्त शब्द. हात ज्याचे त्याचेच असतात.

मी पोचलो तोवर तिचं काम झालं होतं.

"सर, खाच बरोबर झाली ना?" तिने विचारलं.

"आधी डावा हात दाखव."

या वेळी काही लागलं नव्हतं. पण अंगठ्याखाली खपली धरलेली एक लांब जखम होती.

"ही कधीची?"

"मागच्या आठवड्यातली. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

मी रागवायला तोंड उघडलं, पण मग तिच्या हातातला तुकडा घेऊन शिकंज्यात आवळला.