वारा बघून सांगतो

उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचं, खिडकीबाहेर धरायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग म्हणायचं, "वारा बघून सांगतो." सत्यनारायणाचं आमंत्रण असो की नुसता चहा, उत्तर हेच. 'हो' म्हणायचं जिवावर येणारा असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच. आमच्या फुगेवाल्या काकांना निदान कारण तरी होतं.

कतारला फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. मी कारकून असलेल्या कंपनीतच तेही कामाला होते. शत्रूचं विमान लांबूनच कळावं म्हणून सैन्यासाठी रडारचा एक भलामोठा फुगा वाळवंटात दोरखंडाने बांधून आकाशात सोडलेला असायचा. तो सोडायचा आणि वारा उठला की ओढून खाली बांधायचा, हे काकांचं काम. वारा मोजायचं यंत्र होतं की, पण साहेबांचा विश्वास काकांच्या बोटावर!

"कतारवर काही चालून आलं तर आधी आपल्याला कळणार," काका ऐटीत सांगायचे.

"आणि माझी बहीण विमानतळावर उतरली तरी पत्ता नव्हता," काकू आतून म्हणायच्या.

फुगा वर असला की काका खाली हजर, हा नियम. बदली माणूस कंपनी देईना. म्हणजे सुट्टी कधी, तर फुगा बांधून ठेवला असेल तेव्हाच. एकुलती एक लेक नाशिकला शिकली. तिचा पदवीदान समारंभ असाच हुकला, साखरपुडाही हुकला. साखरपुडा त्यांनी फोनवर पाहिला, "छान झालं हं," म्हणाले आणि फोन पालथा ठेवला. मला फार वाईट वाटलं.

मग लग्न ठरलं. काकू पुढे गेल्या. काकांच्या तिकिटाच्या दिवशी हवा अशी पडलेली की झेंडेसुद्धा काठीला चिकटलेले. काकांनी बोट ओलं केलं, वर धरलं, डोळे मिटले.

"धुळीचं वादळ येतंय. खाली घ्या. यल्ला, चला लवकर!"

फुगा बांधला गेला आणि काका संध्याकाळच्या मुंबईच्या विमानात बसले. उभ्या जन्मात हा माणूस पहिल्यांदा खोटं बोलला असेल, तेही बोटाने.

कसलं वादळ नि कसलं काय! दोन दिवस पान हललं नाही. फुगा आपला बसकण मारलेल्या म्हशीसारखा जमिनीवर. साहेब खवळले. "त्याला कळव, आजच निघ, नाहीतर नोकरी खलास." नेमक्या लग्नाच्या सकाळी हा निरोप पाठवायची पाळी माझ्यावर आली. पाठवताना स्वतःचीच लाज वाटत होती.

तासाभराने फोटो आला. अंतरपाट धरलेला, सगळ्यांचे डोळे नवरीकडे. शेजारी फेटा बांधलेले काका, एका मुठीत अक्षता आणि दुसऱ्या हाताचं बोट मांडवात वर धरलेलं.

"काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

खाली एवढंच होतं, "वारा पडलाय. तरी थांबतो."