कॉलरवरचा गोड वास

ड्रायक्लीनच्या दुकानातल्या मावशी माणसाला आधी नाकाने ओळखतात, मग डोळ्यांनी. काउंटरवर कोट आला रे आला, की खिसे उलटे करायच्या आधी कॉलर नाकाशी. डोळे मिटून एक लांब श्वास.

"खोकल्याचं औषध सांडलंय. डाव्या बाजूला."

"छे हो, मी कुठे..." असं गिऱ्हाईक म्हणेपर्यंत डाव्या बाजूला बोटभर डाग निघालेला असतो. बावीस वर्षं दुकान असंच चाललंय.

मावशींचं हाडवैर एकाच गोष्टीशी, ते म्हणजे बायकांची गोड गोड सेंटं. घामाचं त्यांना काही नाही. "घाम खरं बोलतो," म्हणतात. तंबाखू, डिझेल, ओलं कुत्रं, सगळ्यांना माफी. पण गुलाब, वर व्हॅनिला, त्यावर साखरेचा पाक असलं काही आलं, की नाक वर. "हे अंगाला लावायचं की पावाला?" त्यात धंद्याचंही दुखणं आहे. असलं सेंट रेशमावर सुकलं आणि वरून इस्त्री फिरली, की पिवळं कडं उठतं आणि बोल मावशींना. बँकेतल्या बाई तर मान तिरकी करून सुरूच होतात, "मावशीऽऽ, इम्पोर्टेड आहे हं, डाग काढा, पण सेंट तेवढं राहू द्या हंऽऽ!" मावशी म्हणतात, "एक काय ते सांगा. मी जादूगार नाही." त्यांचं मत ठाम: जिथे एवढा गोडवा, तिथे खाली काहीतरी झाकलेलं.

तर एका मंगळवारी हाच गोडवा त्यांच्या घरात शिरला, काकांच्या कॉलरवर बसून.

काका म्हणजे मावशींचे यजमान. एकतीस वर्षं एका कचेरीत लिफ्ट चालवली, वर्षापूर्वी रिटायर झाले. पण लिफ्ट काही त्यांच्यातून उतरली नाही. अजून फ्रिजचं दार लावतानासुद्धा हळूच म्हणतात, "सांभाळून, बोटं."

"अहो, दुपारी कुठे होतात?" मावशींनी विचारलं.

"इथेच. जरा पाय मोकळे केले."

"पाय मोकळे करताना कॉलरला गुलाब लागतो?"

"बागेतून आलो असेन."

"बागेत व्हॅनिला लावलंय वाटतं?"

काका दाराच्या वरच्या चौकटीकडे बघत राहिले, जणू तिसरा मजला कधी येतोय.

बुधवारी तोच वास. गुरुवारी तोच, आणि आता रुमालालाही. मावशींनी शर्ट धुतला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, गाठ मारली आणि दुकानात नेऊन काउंटरखाली ठेवला. तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकही गोष्ट लपवली नव्हती. लपवायला त्यांच्याकडे काही नव्हतंच म्हणा. आता होतं. मावशींच्या चेहऱ्यावर पोलीस उतरला.

शेजारच्या दुकानातले टेलर उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. ते कायम टाचण्या दातांत धरून ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलतात.

"काय वहिनी, म्म्, पुरावा?"

"कोणाचं सेंट आहे हे सांगा. सगळ्या बायकांचे ब्लाउज तुमच्याकडे."

टेलरांनी हुंगलं. टाचण्या थरथरल्या. "महागातलं नाही. पण, म्म्, मन लावून मारलंय. वहिनी, रिटायर माणसाच्या दोनच गोष्टी वाढतात. पोट, नाहीतर ओळखी."

"तुमचं काय वाढलंय?"

"माझं आपलं पोटच."

मावशींनी मग धंद्याची रीत लावली. एका हातात शर्टाची पिशवी, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकांचे आलेले कपडे. आधी हे हुंग, मग ते. दातांच्या डॉक्टरकडे काम करणाऱ्या मुलीचा स्कर्ट नाकाशी आला आणि मावशींचे डोळे उघडले. तोच वास!

"सापडली," त्या म्हणाल्या. "लेकीच्या वयाची आहे हो."

टेलरांनी हळहळ व्यक्त करायला टाचण्या हातात घेतल्या. तेवढ्यात मावशींनी सवयीने पुढचा स्कार्फ उचलला. बँकेतल्या बाईंचा. तोच वास.

"दोघी?"

पुढचं स्वेटर गाण्याच्या बाईंचं. वय सत्तर, हातात काठी. तोच वास. "यांना तर जिना चढवत नाही!" आणि त्याच्याखाली पोस्टमनची जर्सी. मावशींनी हुंगली आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"पोस्टमनसुद्धा?" टेलर म्हणाले. "काका म्हणजे छुपे रुस्तमच की!"

"तुम्ही जा बरं आपल्या दुकानात."

टेलर गेले आणि मावशी त्या चार कपड्यांकडे बघत बसल्या. नाकाने काम केलं होतं, आता डोकं चालवायची पाळी. स्कर्टवर शाई. स्कार्फवर कॉफी. स्वेटरवर तेल, जर्सीवर ग्रीस. चारही डाग कुणीतरी आधी धुवून पाहिलेले, कडा पसरलेल्या, वरून गोडवा शिंपडलेला. पोस्टमन टपाल टाकायला आला, तसं त्यांनी त्याला काउंटरपाशीच धरलं.

"ही जर्सी आधी कुणी धुतली?"

"मावशी, रागवायचं नाही हां," पोस्टमन एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. "चौकापलीकडे ती नवी लाँड्री नाही का? घरचे कपडे तिकडे देतो. डाग निघत नाहीत, पण शेवटी मशीन सेंट मारतं. फुकट. बायकोला आवडतं."

म्हणजे गिऱ्हाइकं तिकडे, आणि तिकडे न निघालेले डाग तेवढे इकडे. एरवी मावशींनी यावर तासभर तोंड सोडलं असतं. आज त्यांना एवढंच कळलं, की ती बाई तिथली आहे. काउंटरवरची. ती त्यांना दिसायलाही लागली: गोड हसणारी, "याऽ ना" म्हणणारी, उन्हाळ्यातही न वितळणारी.

त्यांनी "अर्ध्या तासात येते" ही पाटी दारावर उलटवली, पिशवी घेतली आणि चौक ओलांडला.

लाँड्रीत पाऊल टाकलं, तर साखरेच्या गोदामात शिरल्यासारखं झालं. मशीनची ओळ घरघरत होती. एक म्हातारी बाहेर निघाली होती आणि तिच्यासाठी काचेचं दार धरून कुणीतरी म्हणत होतं, "सांभाळून, पाय."

काका. अंगात गुलाबी एप्रन.

"अगं, तू?" काकांच्या हातून दार सुटलं.

"ती कुठाय?"

"कोण ती?"

मावशींनी काउंटरच्या मागे डोकावलं. मशीनच्या मागे डोकावलं. टॉवेलांचा ढीग आणि एक रिकामी खुर्ची. मग त्यांनी एप्रनकडे पाहिलं आणि सगळं एकदम डोक्यात उतरलं.

"बाई असती तरी परवडलं असतं हो!" मावशी कडाडल्या. "माझ्या वैऱ्याच्या दुकानात उभे राहता? तेसुद्धा या रंगात?"

"तुझ्या दुकानात उभा राहिलोच होतो की. तीन दिवस."

"नवरदेवाचा कोट दुसऱ्याला दिलात तुम्ही!"

"एकदाच. त्याबद्दल किती वेळा ऐकलं? मग घड्या वाकड्या. मग हँगर उलटे. 'सोडा, तुम्हाला नाही जमायचं.' दर दहा मिनिटांनी." काकांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच लागला. "इथे मी वाकडी घडी घातली तरी मशीन काही बोलत नाही. चार माणसं येतात, दार उघडतो, बरं वाटतं."

मावशींनी हातातली पिशवी काउंटरवर ठेवली.

"पण थांब," काका पुढे वाकले. डोळ्यांत काहीतरी चमकायला लागलं. "तुला वाटलं, बाई आहे? माझ्यासाठी? या वयात?"

"फुगू नका."

"खरंच वाटलं?"

"फुगू नका म्हटलं ना!"

पण ते फुगलेच. एप्रनची नाडी ताणली गेली. एवढा खूश झालेला नवरा मावशींना काही ठीक वाटेना. लाँड्रीत गोड हसणारी बाई नसेल, पण येणाऱ्या-जाणाऱ्या बायका होत्याच. त्यांनी रिकामी खुर्ची ओढली आणि भिंतीला टेकवली.

"सुटता कधी?"

"सहाला."

"बसते सहापर्यंत. बघू दे कोण कोण येतं ते."

"आणि दुकान?"

"राहू दे बंद."

काकांनी ढिगातला एक टॉवेल उचलला, कोपऱ्याला कोपरा जुळवला. जुळला नाही. तसाच दुमडून ठेवला, दुसरा घेतला. तोही वाकडाच. मावशींची बोटं शिवशिवायला लागली. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे नाक करून बसून राहिल्या.