पगडीला बुजलेले चक्रवाक

“दृष्टी जायच्या आत एकदा चक्रवाक दाखवा, बाकी मला काही नको,” असं मामंजी म्हणाले आणि आमचं लोणावळ्याला जायचं ठरलं. मामंजी म्हणजे माझे सासरे. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, रात्री ताटातूट होऊन रडणाऱ्या चक्रवाकांच्या जोडीवर पोरांकडून श्लोक घोकून घेतले, पण पक्षी मात्र कधी पाहिला नाही! आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. यजमानांना रजा मिळेना, म्हणून सोबतीला मी. सासूबाईंनी दशम्या आणि चटणी बांधून दिली.

पुण्याहून पहाटेचीच गाडी धरा. पौषातली मावळची थंडी अशी, की वडगाव मागे पडलं तरी बोटं पदराबाहेर काढवत नाहीत. लोणावळ्याला टांगा मिळतो, पण घासाघीस केल्याशिवाय चढू नका. आमच्या टांगेवाल्यानं वळवणच्या धरणाचा रुपया मागितला आणि आठ आण्यांत खुशीनं आला. रस्ता खडीचा, कंबर खिळखिळी करणारा.

पाणी मात्र, अहाहा! धुकं वर गेलं आणि काठावर केशरी ठिपके दिसले. “मामंजी, तेच!” आम्ही लगबगीनं पुढे झालो आणि सगळा थवा आरडत उडाला. पुन्हा उतरला, पुन्हा आम्ही निघालो, पुन्हा उडाला. मामंजींचं तोंड एवढंसं झालं. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या डोक्याकडे गेलं. लालभडक पुणेरी पगडी!

सुनेनं सासऱ्याला पगडी उतरवा म्हणायचं? जीभ रेटेना. शेवटी म्हटलं एकदाचं.

“बोडक्यानं हिंडू? मी काय सुतकात आहे?” मामंजी कडाडले.

म्हशी चारणारी एक मावशी ही गंमत बघत होती. तिनं खांद्यावरची काळी घोंगडी पुढे केली. “घ्या आबा, पगडीवरनंच घ्या. माज्या म्हशींना न्हाई बुजत ती पाखरं, तुमालाबी बुजायची न्हाईत.”

घोंगडीला म्हशींचा वास. आता सोवळ्याचं काय, म्हणून मी धसकले. “सोवळं घरी राहिलंय,” असं म्हणत मामंजी घोंगडीची खोळ करून चक्क म्हशींमधून चालू लागले! मी पाठोपाठ.

अगदी जवळ पोचलो. एक जोडी चिखलात चरत होती. केशरी अंग, फिकट डोकं. मामंजी खोळीतून डोळे ताणून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “दिसतात गं. दोघंही दिसतात.” त्यांचे डोळे वाहत होते. मलाही भरून आलं.

परतताना स्टेशनावर गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी घ्या, दात शाबूत असतील तर. माझं अंग चांगलं ठणकलं, पण मामंजींपुढे बोलायची भीती गेली ती गेलीच.

घरी त्यांचं वर्णन संपेना. सासूबाई भाकऱ्या थापत ऐकत होत्या. एकाएकी मामंजी थांबले, सासूबाईंकडे वळले. “तुला कधी कुठं नेलं नाही मी. दिसतंय तोवर तूही चल. या रविवारी दोघं मिळून बघू.”

मला वाटलं, आता चुलीची सबब निघणार. सासूबाईंनी तवा उतरवला, हात धुतले आणि मला म्हणाल्या, “रविवारचा स्वयंपाक तुझ्याकडे हं!”